मागून काही येत नाही असा रस्ता

आमच्या बाल्कनीत एक सायकल वर्षभर चादर पांघरून उभी होती. चादर फुलाफुलांची, जुनी, एका कोपऱ्यात इस्त्रीचा डाग पडलेली. घरी कुणी आलं की विचारायचं, "हे काय झाकून ठेवलंय?" मी म्हणायचो, "सायकल." मग ते विचारायचे, "कुणाची?" मी म्हणायचो, "हिची." आणि लगेच चहाचं विचारायचो, कारण पुढचा प्रश्न मला ठाऊक असायचा आणि त्याचं उत्तर मला द्यायचं नसायचं.

ते उत्तर एकदाचं देऊन टाकतो. माझी बायको एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. एकोणीस वर्षं ती सायकलवरून शाळेत गेली. एके दिवशी मी चष्मा घरी विसरून ऑफिसला गेलो. मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक कारकून आहे. आलेल्या पत्राला क्रमांक द्यायचा, गेलेल्या पत्राला क्रमांक द्यायचा, हे माझं काम, आणि चष्म्याशिवाय मला पाच आणि सहा सारखेच दिसतात. मी घरी फोन केला. ती वाट वाकडी करून चष्मा द्यायला निघाली आणि डांबरी रस्त्यावर मागून आलेल्या टेंपोने तिला उडवलं. तिचा पाय दोन ठिकाणी मोडला. तिच्या पिशवीतल्या चष्म्याला ओरखडाही आला नाही. तोच चष्मा लावून मी हे लिहितो आहे.

पाय जुळून आला. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, गुडघ्याला तेच औषध. तिने तीनदा सायकल खाली नेली. तिन्ही वेळा फाटकाबाहेर पडली, मागून कुठल्यातरी गाडीचा आवाज आला आणि ती उतरून सायकल ढकलत परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिने कपाटातून चादर काढली.

"समोरून येतं त्याचं काही नाही हो," ती चादर नीट करत म्हणाली. "समोरचं दिसतं तरी. मागून काही येत नाही असा एक रस्ता दाखवा, मी आत्ता निघते."

ती सहज बोलून गेली. मी मात्र त्या वाक्याला मनातल्या मनात आवक क्रमांक दिला. सव्वीस वर्षांत माझ्या टेबलावरून क्रमांक पडलेला कागद गहाळ झालेला नाही, हे मी जरा अभिमानानेच सांगतो. अभिमान बाळगावा अशा गोष्टी माझ्याकडे फार नाहीत.

आमचं शहर एका मेलेल्या ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. 'मेलेला' हा माझा शब्द. आमच्या वरच्या मजल्यावरचे सर चाळीस वर्षं भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेत, ते 'निद्रिस्त' म्हणतात, आणि जिन्यात भेटेल त्याच्याकडून म्हणवून घेतात. शहराच्या मागे काळे डोंगर एकामागे एक चढत जातात आणि सगळ्यांत वरच्याच्या तोंडात तळं आहे. पूर्वी शहराला त्या तळ्याचं पाणी येई. मग धरण झालं आणि तळ्याला कुणी विचारेना. ही माहिती मला ऑफिसातलं एक जुनं कपाट आवरताना, वाळवीने निम्मं खाल्लेल्या एका वहीत मिळाली. त्या वहीत नकाशा होता. जुन्या नळाच्या कडेने देखभालीसाठी केलेली खडीची वाट, अकरा किलोमीटर, जुन्या पंपघरापासून थेट तळ्यापर्यंत. शेवटची नोंद एकतीस वर्षांपूर्वीची: 'गाडी गेली. परत आली.' त्यानंतर त्या वाटेने गाडी गेल्याची नोंद नव्हती.

रविवारी मी सायकल दुरुस्तीच्या दुकानातून जाड टायरची एक सायकल भाड्याने घेतली. दुकानदार म्हणाला, "साधी सायकल खडीवर न्याल तर दात घशात जातील, काका." तो मला काका म्हणाला याचं मला वाईट वाटलं, कारण त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे होते. पण मी मोठं काम अंगावर घेतलं होतं, तेव्हा अपमान गिळला आणि निघालो.

त्या वाटेबद्दल मी थट्टेने लिहू शकत नाही. पंपघराच्या मागून ती निघते आणि पहिल्या वळणानंतर शहर दिसत नाही, तिसऱ्या वळणानंतर ऐकू येत नाही. चाकाखाली काळी खडी करकरते. बाजूला गंजलेला नळ सोबत करतो. कधीकाळी डोंगरातून वाहत आलेला दगड जिथे थिजला तिथे थिजला, त्याच्या घड्या अजून दिसतात, आणि त्या घड्यांमधून खुरटी झुडपं उगवलेली आहेत. चौथ्या किलोमीटरला एक खिंड लागते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीच्या दोन काळ्या भिंती, मध्ये जेमतेम एक गाडी जाईल इतकी जागा. त्यापलीकडे सात किलोमीटर नुसते काळे-तांबडे उतार आणि शेवटी ते तळं. जाऊन-येऊन पाच तासांत माझ्या मागून काही आलं नाही. मी खात्री करायला सारखा मागे वळून बघत होतो. त्यामुळेच दोनदा पडलो, एकदा शेळ्यांच्या कळपासमोर.

घरी पोचलो तेव्हा कोपर सोललेलं होतं आणि मी हसत होतो.

"सापडला!" मी म्हणालो. "मागून काही येत नाही असा रस्ता!"

तिने माझ्या कोपराकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि बाल्कनीत जाऊन चादर काढली. घडी घातली. चाकं दाबून बघितली. "हवा भरायला हवी. उद्या शाळेला सुट्टीच आहे. उद्या जाऊ या?"

इथे मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. पण सव्वीस वर्षं मी आवक-जावकला बसलोय.

"थोडं थांब," मी म्हणालो. "आधी कागद होऊ दे."

"कसला कागद?"

"वाहनबंदीचा."

"पण तिथे वाहनं येतच नाहीत म्हणालात ना?"

"येत नाहीत. पण येणार नाहीत असं कुठे लिहिलंय?"

 माणसाच्या डोक्यात कधी काय शिरतं याला इलाज नसतो. मला सारखा तो टेंपो दिसत होता. समजा मी तिला 'चल, इथे काही होत नाही' म्हणून घेऊन गेलो, आणि नेमकी त्याच दिवशी एकतीस वर्षांनी एक गाडी आली तर? मागच्या वेळी माझ्या एका फोनवर ती निघाली होती. या वेळी मला माझ्या शब्दाखाली दुसऱ्या कुणाचातरी शिक्का हवा होता. हे मी तिला तेव्हा सांगितलं असतं तर पुढचे आठ महिने वाचले असते.

सुंठीवाचून खोकला गेलेला होता, आणि मी सुंठ शोधायला निघालो.

रस्ते विभागाच्या खिडकीवर एक बाई बसतात. मी स्वतः खिडकीच्या आतला माणूस असल्यामुळे मला बाहेर उभं राहायची सवय नाही, पण मी अदबीने अर्ज पुढे सरकवला. त्यांनी तो न वाचता परत केला.

"समास कमी सोडलाय."

समास! मी! ज्याने इतरांचे किती अर्ज याच कारणावरून परत पाठवले असतील! कान तापले. मी कोपऱ्यातल्या बाकावर बसून अर्ज पुन्हा लिहिला. या वेळी त्यांनी वाचला.

"वाहनबंदी कशावर घालायची?"

"या वाटेवर."

"ही आमच्या यादीत नाही. यादीत नाही म्हणजे रस्ता नाही. रस्ता नाही त्यावर वाहनं कशी येतील?"

"येतच नाहीत, बाई."

"मग बंदी कशाला?"

खरं तर इथे ही गोष्ट दुसऱ्यांदा संपू शकली असती. बाईंचं म्हणणं बिनतोड होतं आणि मला ते पटलंही होतं. पण मागे रांगेतला एक गृहस्थ हसला, आणि मला ते लागलं. मी म्हणालो, "मग आधी यादीत घ्या. आणि नंतर बंदी घाला." बाईंनी माझ्याकडे आदराने बघितलं, निदान मला तरी तसं वाटलं, आणि शिक्का मारला.

अर्जाला क्रमांक पडला ही बातमी इमारतीत पसरायला एक जिना पुरला. वरचे सर खाली आले. त्यांचं मत पडलं की अर्जात खडकांचं वय नाही, ही गंभीर उणीव आहे. "नुसतं खडीची वाट म्हणून कसं चालेल? ती खडी कुठून आली?" त्यांनी चौदा पानांची पुरवणी लिहून दिली. तिच्यात कुठेही सायकल नव्हती. मग माझा मेहुणा आला. तो गाड्या विकतो आणि त्याला लोकांची नाडी कळते असं त्याचं म्हणणं आहे.

"भाऊजी, एकट्याच्या अर्जाला कोण विचारतं? सह्या हव्यात. पन्नास तरी."

"पन्नास माणसांना त्या वाटेशी काय करायचंय?"

"तेच तर. त्यांना सांगायला नको का, वाट किती छान आहे ते?"

बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "जितक्या लोकांना सांगाल तितके लोक तिथे जातील."

"ताई, तुला यातलं कळत नाही," मेहुणा म्हणाला. मला वाटतं त्या दिवशी त्या खोलीत जे एकच शहाणपणाचं वाक्य बोललं गेलं ते तिचं होतं, आणि आम्ही दोघांनी मिळून ते उडवून लावलं.

चौसष्ट सह्या जमल्या. सही करणारा माणूस न बघता सही करत नाही, ही आमच्या शहराची चांगली सवय. त्यामुळे त्याआधीच्या दोन रविवारी चौसष्ट कुटुंबं वाहनमुक्त वाट पाहायला गेली. गाड्या घेऊन गेली, कारण तिथे जायला बस नाही.

पुढचा टप्पा म्हणजे वाहनगणना. बंदी घालण्यापूर्वी त्या रस्त्यावर किती वाहनं असतात हे मोजावं लागतं, असा नियम आहे. नियम मला पटला. एक जीप आली, दोघे जण पंपघरापाशी टेबल-खुर्ची मांडून बसले. मीही रजा काढून शेजारी बसलो. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत एकही वाहन गेलं नाही. मला आनंद आवरेना.

"शून्य लिहा," मी म्हणालो.

"शून्य लिहिता येत नाही," त्यांतला चष्मेवाला म्हणाला. "शून्य लिहिलं तर गणना झालीच नाही असं धरतात. आमचा भत्ता अडकेल."

त्यांनी आपली जीप मोजली. येताना एक, जाताना एक. दुसरा दिवस शनिवार, तिसरा रविवार, आणि रविवारी सहीकर्ते पुन्हा आले. सरही आले, विद्यार्थ्यांची एक बस घेऊन, खडक दाखवायला. तीन दिवसांची सरासरी निघाली सतरा.

ती सतरा घेऊन फाइल वर गेली आणि खाली येताना बदलून आली. रोज सतरा वाहनं जातात म्हणजे रस्ता वापरात आहे. वापरात आहे म्हणजे यादीत घेणं भाग आहे. यादीत घ्यायचा तर नियमाप्रमाणे रुंद असला पाहिजे. मी हे पत्र घरी मोठ्याने वाचून दाखवत होतो. 'सबब सदर रस्त्याचे रुंदीकरण' इथपर्यंत आलो तेव्हा ती उठली. आत गेली. मला वाटलं पाणी आणायला गेली. ती चादर घेऊन बाल्कनीत गेली.

मी वाचायचं थांबलो. चादर घालताना ती रडत वगैरे नव्हती. कोपरे जुळवत होती. ते बघून मला जे वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटलं, टेंपोवाल्याने एकदा पाडलं, आणि मी ते काम हप्त्याहप्त्याने पूर्ण करतोय.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला गेलो. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी अवस्था झाली होती. खिडकीवरच्या बाईंनी फाइल काढली. ती आता दोन्ही हातांनी काढावी लागत होती.

"मागे घ्यायचा तर कारण द्यावं लागेल."

"वाहनं नकोत म्हणून."

"मग उलट राहू द्या ना," बाई मायेने म्हणाल्या. "बंदीचा फलक मंजूर झालाय. मोठा आहे. लोखंडी."

बुलडोझर आला आणि पंपघरापासून खिंडीपर्यंत चार किलोमीटर वाट रुंद झाली. त्यावर मुरूम पडला, रोलर फिरला. माझ्या नळाचे तुकडे करून बाजूला ढीग घातला. खिंड फोडायला जास्तीची मंजुरी लागणार होती, म्हणून काम तिथे थांबलं. लोकांच्या फोनमधल्या नकाशावर तो रस्ता उमटला आणि त्याला लागून असलेल्या पाड्यांवर दूध नेणाऱ्या गाड्यांनी तो लगेच उचलला. मी एकदा पंपघरापाशी उभा राहून मोजलं. तासाभरात एकवीस. माझ्या अर्जाला आलेलं यश डोळ्यांनी पाहून मी घरी आलो.

मग उद्घाटनाचं पत्र आलं. 'अर्जदाराने सपत्नीक व सायकलसह उपस्थित राहावे.' ते लपवावं असं मनात होतं, पण कागद लपवणं माझ्या हातून होत नाही.

तिने वाचलं. "चला," म्हणाली. "माझ्या नावाने एवढा डोंगर उकरलाय, बघून तरी येऊ."

त्या दिवशीचा क्रम असा होता. सगळ्यांत पुढे ट्रक, त्यावर फलक. तो खिंडीच्या तोंडाशी रोवायचा आणि रस्ते विभागाच्या साहेबांनी फीत कापायची. ट्रकच्या मागे मेहुण्याची गाडी, तिच्या टपावर हिची सायकल दोरीने बांधलेली, आत आम्ही. आमच्या मागे साहेबांची जीप, आणि जीपमध्ये एक कोरी जाड टायरची सायकल, हँडलला तांबडी फीत लावलेली, साहेबांच्या फोटोसाठी. त्यांच्या मागे सर, सहीकर्ते, त्यांची मुलंबाळं, वार्ताहर, दुधाच्या अडकलेल्या गाड्या. मेहुण्याने मोजल्या, एकूण त्रेचाळीस.

फलक लोखंडी चौकटीत उभा बांधलेला होता आणि ट्रकपेक्षा रुंद होता. हे मोजायचं कुणाच्या कामात येत नव्हतं. खिंडीच्या तोंडाशी थांबायच्या ऐवजी ट्रकवाला 'पलीकडून वळवून आणतो' म्हणून आत शिरला. एक मोठा आवाज झाला. फलक दोन्ही भिंतींत रुतला, ट्रक जागच्या जागी अडकला, मागच्या मागे त्रेचाळीस गाड्या थांबल्या. रस्ता एवढा रुंद नव्हता की कुणाला वळता येईल. फलकाचं तोंड आमच्याकडे होतं. 'वाहनांस सक्त मनाई' ही अक्षरं मागच्या दुधाच्या गाडीलासुद्धा वाचता येत होती.

हॉर्न सुरू झाले. हिने कानांवर हात ठेवले, तिचा चेहरा पांढरा पडला, आणि मला ते फाटक आठवलं. मी म्हणालो, "उतरू या." आम्ही उतरलो. ट्रकचा ड्रायव्हर चाकापाशी बसून पाणी पीत होता. काम आपल्या हातातून गेलं की माणसाला जी शांतता मिळते ती त्याच्या तोंडावर होती.

हिने त्याला विचारलं, "दादा, हा ट्रक कधी निघेल?"

"चार वाजेपर्यंत तर नाही. क्रेन यावी लागेल, आणि क्रेन या सगळ्यांच्या मागून कशी येणार?"

"म्हणजे इथून पलीकडे एकही गाडी जाणार नाही?"

"ताई, उंदीर जाईल फार तर. हवं तर लिहून देतो."

आठ महिने, चौदा पानांची पुरवणी, चौसष्ट सह्या, आणि लिहून द्यायला तयार झालेला पहिला माणूस हा. मी खिशातून पेन काढलं. खरंच काढलं. माझा हात आपोआप गेला.

पण तिने कागदाची वाट पाहिली नाही. ती मेहुण्याकडे वळली. "सायकल खाली काढ."

"फोटो इथेच काढायचा का, ताई? फोटोत मागे ट्रक येतोय बघ."

"काढ म्हणते ना."

ट्रकचं चाक आणि भिंत यांच्यामध्ये हातभर जागा होती. तिने सायकल मागच्या चाकावर उभी केली, फलकाखाली वाकली आणि दोघी आडव्या होऊन पलीकडे गेल्या. मी चाकाखालून वाकून बघत होतो. पलीकडे रोलर पोचला नव्हता. तीच काळी खडी होती. तिने डावा पाय पायडलवर ठेवला. थांबली. एकदा मागे बघितलं, तिथे ट्रकचं नाक होतं, आणि ते हलणार नव्हतं. मग बसली. पहिले पाच-सहा हात सायकल इकडेतिकडे गेली, माझा जीव खालीवर झाला, आणि मग चाक सरळ झालं. मला तिची पाठ दिसत होती. ती पाठ मी एकोणीस वर्षं सकाळी खिडकीतून बघायचो, तेव्हा त्यात बघण्यासारखं काही आहे हे मला कळलं नव्हतं. मी तिथेच उकिडवा बसून रडलो. मेहुण्याला सांगितलं धूळ गेली.

मग मला वाटलं, मी इथे काय करतोय?

जीपमधली ती कोरी सायकल खाली उतरवून ठेवलेली होती. शेजारी साहेब भाषणाचा कागद हातात घेऊन उभे. मी त्यांच्यासमोर गेलो आणि तोंड उघडलं, 'साहेब, परवानगी असेल तर' असं म्हणायला. शब्द ओठांवर आलेले होते. ते मी गिळले. सायकल धरली आणि चालू लागलो.

"अहो! अजून फीत कापायची आहे! अहो, तिची नोंद झालेली आहे!"

माझ्या आयुष्यातली ही एकमेव चोरी, आणि ती त्रेचाळीस गाड्यांसमोर झाली. खिंडीतून जाताना फीत चाकात अडकून तुटली, म्हणजे उद्घाटनही मीच केलं म्हणायचं. मी वरातीमागून घोडं दामटत निघालो. चढावर धाप लागली, एका वळणावर पडलो, या वेळी बघायला शेळ्याही नव्हत्या.

दीड किलोमीटरवर ती दिसली. मी वेग वाढवला. माझ्या चाकाखालची खडी करकरली आणि ती एकदम थांबली. दोन्ही पाय खाली टेकवले, मान खांद्यांत ओढून घेतली, आणि तशीच उभी राहिली, वळून न बघता.

"मी आहे," मी लांबूनच ओरडलो. "मी आहे गं, मीच."

जवळ गेलो तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. मी सायकलवरून उतरलो.

"घंटी नाही का त्या सायकलला?" तिने शेवटी विचारलं.

"आहे. तू दचकशील म्हणून वाजवली नाही."

"न वाजवता येतं त्यालाच तर मी दचकते."

मला जे दोन वर्षं बोलायचं होतं ते तिथे, त्या उतारावर, धापा टाकत तोंडातून आलं. "त्या दिवशी मी चष्मा विसरलो नसतो तर..."

तिने माझ्याकडे बघितलं. "एवढंच बोलायचं होतं? आणि त्यासाठी रस्ते विभागात अर्ज केलात?"

मी मान खाली घातली. ती हसली, आणि हसता हसता पदराने नाक पुसलं.

"तुम्ही पुढे जाऊ नका," ती म्हणाली. "मागेच राहा. आणि घंटी वाजवत या. थांबवायची नाही. ती वाजत असली की मला कळेल, मागून येताय ते तुम्ही आहात."

तळ्यापर्यंत साडेपाच किलोमीटर मी घंटी वाजवत गेलो. अंगठा सुजला. निर्मनुष्य डोंगरात एक पन्नाशीचा गृहस्थ रिकाम्या रस्त्यावर सतत घंटी वाजवत चाललाय, हे दृश्य कुणी पाहिलं असतं तर मला कायमचं तोंड लपवावं लागलं असतं. पुढे ती चालली होती, सरळ, एकदाही मागे न बघता.

ट्रक चार वाजता नाही, दुसऱ्या दिवशी निघाला. फलक वाकला होता म्हणून दुरुस्तीला गेला, तो अजून आलेला नाही. खिंड फोडायची मंजुरी मात्र आली, आणि आता तळ्यापर्यंत दुधाच्या गाड्या जातात. महिन्याभराने मला एक पत्र आलं. उद्घाटनाच्या दिवशी खिंडीपलीकडे गेलेल्या दोन सायकलींनी पूर्वपरवानगी घेतली होती काय, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. त्या पत्राला मी आवक क्रमांक दिला नाही. सव्वीस वर्षांत पहिलाच कागद. तो हिच्या सायकलच्या सीटखाली घडी करून ठेवलाय, सीट जरा हलत होती.

चादर सध्या मी घेतलेल्या नव्या सायकलवर असते, आणि तीही पावसापुरती. ऑफिसच्या जुन्या कपाटातली ती वही मी होती तिथे परत ठेवली. तिच्यात तसल्याच आणखी चार वाटा आहेत. त्या कुठून निघतात, हे मी कुठेही लिहिणार नाही, इथेही नाही. फिरता फिरता तुम्हाला त्यांतली एखादी सापडली आणि डोंगराआडून सायकलची घंटी वाजताना ऐकू आली, तर बाजूला व्हायचं कारण नाही. ती तुमच्यासाठी वाजत नसते.